बेघरमुक्त तालुका: निवडून आलेल्यांसाठी थोडं मार्गदर्शन

भाऊ, नगरपंचायतीत निवडून आलात, अभिनंदन. हारतुरे सुकायच्या आत कोणीतरी शहाणा सभेत स्टँडवर झोपणाऱ्यांचा विषय काढणार आहे. घाबरायचं काम नाही. घरं बांधण्यापेक्षा बेघर कमी करणं पुष्कळ सोपं असतं.

सुरुवात स्टँडपासूनच करा. शेवटची गाडी निघून गेली की फलाटावर चार बादल्या पाणी ओतायला सांगा. स्वच्छतेची स्वच्छता होते आणि ओल्या फरशीवर कोणी पाठ टेकत नाही. बाकड्यांना मधोमध लोखंडी दांडे जोडून घ्या. बाजारातल्या दुकानदारांना काही शिकवावं लागत नाही, ते शटर पाडतानाच ओट्यावर जळकं ऑईल शिंपडतात. तरी काही लोक चिवट असतात. आमच्या इथं एक म्हातारा त्या ऑईलवर खताची चुंगडी अंथरून खुशाल झोपायचा. वॉचमननं काठीनं ढोसलं, "काहून बे, घर नाई का तुले?" तर तो उठून बसला आणि म्हणाला, "होतं नं भाऊ." उशाखालच्या पिशवीतून त्यानं रेशनकार्ड काढून दाखवलं. लॅमिनेशन केलेलं. त्यावर गावाचं नाव, बायकोचं नाव, दोन पोरांची नावं.

इथं तुम्ही विरघळू नका. उलट हे कार्ड म्हणजे तुमच्या हातात आलेलं हुकमाचं पान आहे. ज्याच्याकडे गावचं रेशनकार्ड आहे तो बेघर कसा? त्याला गावी पाठवा. गावात घरकुल मिळतं, प्रधानमंत्री आवास योजनेत १ लाख २० हजार रुपये मिळतात. फक्त घर बांधायला जागा लागते. जागा कर्जात गेली असेल तर जागा घ्यायला मदत करणारी दुसरी योजना आहे, तिचा अर्ज वेगळा, कागद वेगळे. आणि सर्वे करणारा आला त्या दिवशी हा बाबा कापसाच्या जिनिंगवर किंवा नागपूरला बांधकामावर गेला असेल, तर चूक कोणाची? गाव म्हणतं तो शहरात राहतो, शहर म्हणतं तो गावचा आहे. दोन्ही कागद बरोबर असतात, माणूस तेवढा चुकीच्या जागी असतो.

आता मुख्य मुद्दा. कोणी निवारा काढायचाच हट्ट धरला तर नियमावली तुमच्या हाताने लिहा. पहिला नियम: दारू सोडलेली असावी. दुसरा: आधार कार्ड असावं. तिसरा: आधारसाठी पत्त्याचा पुरावा असावा. रस्त्यावर झोपणारा माणूस हे तिन्ही पार करून आला, तर तो तुमच्या जागेवर निवडणूक लढवण्याइतका कर्तबगार आहे, त्याला तर अजिबात आत घेऊ नका. तुमचा तालुका दारूबंदीच्या जिल्ह्यात असला तर सोन्याहून पिवळं. वर्ध्यात बंदी १९७० च्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदी होती तेव्हा चंद्रपूरकर वर्धा नदी ओलांडून शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वणीकडे कशाला जायचे हे विचारू नका, देवदर्शनाला जात असतील. बंदीच्या जिल्ह्यात दारू नसतेच, म्हणून दारुडाही नसतो, आणि नसलेल्या माणसासाठी खाट टाकायची तरी कुठे?

आधी सुधर, मग छप्पर देतो, ही आपली रीत. जगात काही लोकांनी ती उलटी करून पाहिली आणि त्याचा फार गाजावाजा झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली एका मानसशास्त्रज्ञाने मनोरुग्ण आणि व्यसनी बेघरांना थेट खोली द्यायला सुरुवात केली, अट न घालता. फिनलंडने २००८ पासून तेच देशाचं धोरण केलं. रात्रीपुरते पलंग देणाऱ्या मोठमोठ्या निवाऱ्यांच्या जागी छोटी घरं केली. भाडेकरार माणसाच्या नावावर, किल्ली त्याच्या खिशात, भाडं परवडत नसेल तर सरकारी भत्ता. नर्स आणि समाजसेवक येऊन विचारपूस करतात, दवाखान्यात नेतात, पण उपचार नाकारला म्हणून घर काढून घेत नाहीत. १९८० च्या दशकात तिथे पंधरा हजारांच्या वर असलेले बेघर २०२२ पर्यंत चार हजारांच्या आत आले. कारण सांगतात ते इतकं साधं आहे की आपल्याला पटूच शकत नाही: झोप लागली, गोळ्या ठेवायला फळी मिळाली, सकाळी तोंड धुवायला नळ मिळाला, की मग माणूस दारू कमी करायचा विचार तरी करू शकतो. उघड्यावर थंडीत, चोराच्या आणि पोलिसाच्या भीतीने तो दारू सोडणार नाही, तीच त्याचं पांघरूण असते.

सिएटलवाल्यांनी तर कहर केला. २००५ साली त्यांनी जुन्या दारुड्यांसाठी ७५ जणांची इमारत काढली आणि आपापल्या खोलीत प्यायला मोकळीक दिली. बाप्पा! पुढे संशोधकांनी मोजलं तर पिणं वाढायच्या ऐवजी कमी झालं होतं, आणि तुरुंग, दवाखाना, ॲम्ब्युलन्स यांच्यावरचा सरकारी खर्चही प्रतीक्षायादीत थांबलेल्यांच्या मानाने बराच कमी होता. हे सभेत चुकूनही बोलू नका. कोणी बोललंच तर, "म्हणजे आता नगरपंचायतीने दारू वाटायची का?" एवढं विचारा. टाळ्या पडतात. आपलाच देश सुईने नशा करणाऱ्यांना एड्स होऊ नये म्हणून स्वच्छ सुया आणि पर्यायी औषध देतो, हे त्या टाळ्यांच्या आवाजात कोणाला ऐकू येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा आदेश कोणी दाखवला तर? २०१० साली न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही दिवसरात्र उघडा, असं बजावलं होतं. पुढे केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांसाठी पैसाही आला. तुम्ही हात जोडून म्हणा, "आपलं गाव पंचवीस हजारांचं, म्हणजे आपल्या वाट्याला पाव निवारा. पाव निवारा बांधायचा कसा, इंजिनिअर साहेबांनी सांगावं."

मोठ्या शहरांकडून शिकायचं ते वेगळंच. नागपुरात २०२३ च्या मार्चमध्ये जी-२० चे पाहुणे यायचे होते, तेव्हा पोलिसांनी चौकातल्या भीक मागण्यावर जमावबंदीचं कलम लावलं. आपल्या राज्यात तर १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदाच आहे. इंदूरने मात्र २०२१ मध्ये जरा घाई केली. पालिकेच्या गाडीत म्हातारे-कोतारे भरून शहराबाहेर सोडले, गावकऱ्यांनी मोबाईलवर शूटिंग केलं आणि सगळ्यांना परत गाडीत घालावं लागलं. देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहराची ही तऱ्हा. म्हणून तालुक्याची हद्द ओलांडायची असेल तर गावकरी झोपल्यावर.

गाडगेबाबांची जयंती मात्र जोरात करा. आपल्या अमरावती जिल्ह्यातले, म्हणजे हक्काचे. फेब्रुवारीत खराटा घेऊन फोटो काढा, दशसूत्रीचा फलक लावा. त्यात पाचवं सूत्र "बेघरांना आसरा" असं आहे, त्यावर फुलांची माळ जरा लांब सोडली की झालं. बाबांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः चिंध्या पांघरून झाडाखाली झोपले. आज ते आपल्या स्टँडवर आले असते तर वॉचमननं आधी गाडग्यात काय आहे ते हुंगलं असतं.

आणि हो, जनगणना येतेय, २०२७ ची. २०११ ला देशात १७ लाखांवर बेघर निघाले होते. ते मोजतात फक्त एका रात्री. मागच्या वेळी २८ फेब्रुवारीची रात्र होती. त्या रात्री गावात एखादा मोठा भंडारा ठेवा, शेजारच्या तालुक्याच्या हद्दीला लागून. जेवणावळ उशिरापर्यंत चालू द्या. जेवलेला माणूस तिथंच लुडकतो.

एवढं करूनही विषय संपला नाही, तर फिनलंडच्या अभ्यासदौऱ्याचा ठराव मांडा. सगळे पक्ष एक होतील. दौरा जूनमध्ये ठेवा, तिकडे तेव्हा गारठा कमी असतो आणि इकडे पेरण्या असतात, म्हणजे कोणी विचारायला मोकळं नसतं. सौभाग्यवतींचं तिकीट वेगळ्या हेडखाली टाका. निवाऱ्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर बाराव्या नंबरला घ्या आणि अकराव्या नंबरला चहा.