डोकं मोठं, नळी लहान

वायर कुठेही दिसता कामा नये, एवढीच हिची अट. माझी मागणीही माफकच: आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरचं चित्र हॉलमधल्या टीव्हीवर यावं. मध्ये जेमतेम चार इंची भिंत. पण कॉम्प्युटर एका टोकाला, टीव्ही दुसऱ्या. वायरने आधी वर चढायचं, पीओपीच्या आतून कोपरा गाठायचा, दारावरून वळायचं आणि मग टीव्हीमागे उतरायचं. असे बारा मीटर होतात.

टीव्हीला चित्र-आवाज नेणारी तांब्याची साधी एचडीएमआय केबल फोर-के, म्हणजे अतिस्पष्ट, चित्रासाठी पाच-सात मीटरपर्यंत भरवशाची. पुढे चित्र लुकलुकतं, नाहीतर येतच नाही. म्हणून ऑप्टिकल, म्हणजे चित्र प्रकाशातून नेणारी, केबल मागवली. अंगाने चार्जरच्या वायरएवढी, पण डोक्यात, म्हणजे प्लगमध्ये, 19 पिना आणि रुंदी साधारण 20 मिलिमीटर. बिल्डरने वायरींसाठी भिंतीत घातलेली नळीही 20 मिलिमीटरचीच, पण ते बाहेरून माप! फेटा बांधलेल्या नवरदेवाला रिक्षात बसवताना जे होतं, तेच झालं. शिवाय त्या नळीत लाइटच्या वायरी आधीच दाटीवाटीने राहत होत्या.

वायरमनने केबल हातात घेऊन विचार केला. "डोकं कापू या साहेब. आत गेली की परत जोडतो."

"आत काच आहे हो."

"काच?"

तेव्हापासून तो केबलला अहो-जाहो करायला लागला.

शेवटी 32 मिलिमीटरची वेगळी नळी घालायचं ठरलं. म्हणजे झिरी मारणं, भिंतीत खाच पाडणं आलं. कटर सुरू झाला आणि घरभर विटेची लाल भुकटी उडाली. कपाटं बंद होती, दारांना ओले टॉवेल लावले होते, तरी ती मिसळणाच्या डब्यापर्यंत पोहोचलीच. तिखट कुठलं आणि वीट कुठली, हे चव घेतल्याशिवाय कळेना. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन म्हणाल्या, "दुपारी दोन ते चार तरी भिंत पाडू नका." आम्ही भिंत पाडत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

कोपऱ्यांना काटकोनी एल्बो न लावता लांब बेंड लावले, कारण काचेला काटकोन सोसत नाही. स्प्रिंग घालून केबल अलगद ओढली. सिमेंट, पुट्टी, रंग झाला. रंगाची छटा अर्थातच जुळली नाही, पण 'त्याच्यापुढे कपाट येईल' असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

टीव्ही लावला. 'नो सिग्नल'. वाकून पाहिलं, तर टीव्हीमागच्या प्लगवर बारीक अक्षरांत 'सोर्स', म्हणजे कॉम्प्युटरकडचं टोक! ऑप्टिकल केबल एकाच दिशेने चालते. एका डोक्यातली चिप विजेचा प्रकाश करते, दुसऱ्यातली प्रकाशाची वीज. उलटं काही जमत नाही.

वायरमन शांतपणे म्हणाला, "मग टीव्ही आत नेऊ, कॉम्प्युटर हॉलमध्ये."

हिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नळी ऐसपैस होती म्हणून निभावलं; शेपटाला नायलॉनची दोरी बांधून त्याने केबल बाहेर काढली आणि टोकं बदलून परत आत घातली.

बिलात दोन ओळी होत्या: केबल घालणे, केबल फिरवणे. दुसरीचा दर जास्त. का, म्हणून विचारलं.

"उलटं काम आहे ना साहेब."