आजोबा, प्लीज म्यूट करा

कॉलेजची इमारत गेल्या महिन्यात अचानक बंद झाली, छताचं काहीतरी, आणि रात्री ग्रुपवर मेसेज पडला की उद्यापासून सगळी लेक्चर्स ऑनलाइन. ठीके. २०२० पासून एवढं तर अंगवळणी पडलंय, लिंक टाकायची, "आवाज येतोय का?" विचारायचं, कोणी काही बोललं नाही की येतोय असं धरायचं आणि भिंतीशी बोलल्यासारखं सुरू करायचं.

विषय संख्याशास्त्र, आजचा भाग कोरिलेशन. दोन गोष्टी एकत्र वाढतात म्हणजे एकीमुळे दुसरी होते असं नाही, दोघींच्या मागे तिसरंच काहीतरी असू शकतं. पुस्तकातलं नेहमीचंच उदाहरण दिलं, आइस्क्रीमचा खप वाढतो तेव्हा बुडून मरणारेही वाढतात, पण आइस्क्रीम कोणाला बुडवत नाही, उन्हाळा असतो म्हणून दोन्ही होतं. काळे चौकोन ढिम्म. एवढ्यात त्यातला एक उजळला. आत एक कपाळ, वर गरगरणारा पंखा.

"हॅलो. कोण बोलतंय?"

"आजोबा, मी लेक्चर घेतेय."

"घ्या घ्या. नातू आंघोळीला गेलाय, मला एकच विचारायचंय."

(आंघोळीला गेलेला हा नातू माझ्या हजेरीत हजर होता. पहिल्या मिनिटापासून. असो.)

"बाई, तुम्ही बोलायला लागलात की आमचं नेट जातं."

मी म्हटलं, आजोबा, तुमचं नेट तुमच्या घरातलं, माझा काय संबंध. तर म्हणाले, "रोज बघतोय ना. बारा वाजले, तुम्ही आलात, नेट गेलं. तुम्ही गेलात, नेट आलं. आता यात अजून काय सिद्ध करायचं?"

आता बघा, एवढं आयतं उदाहरण कोणत्या मास्तराला मिळतं? मी खूश. विचारलं, "बाराच्या सुमाराला घरात अजून काय चालू असतं?" म्हणाले, जेवणं. सून मायक्रोवेव्ह लावते. "आणि राऊटर कुठंय?" "त्याच्याच डोक्यावर."

झालं की! मी समजावायला घेतलं. मायक्रोवेव्ह चालतो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर, जुनं वायफाय असतं २.४ च्या पट्ट्यात, ओव्हनमधून थोडी गळती होतेच आणि राऊटर तिथेच बसलेला, मग सिग्नल बोंबलणार नाही तर काय. म्हणजे कारण मी नाही, कारण आहे दुपारची वेळ, तिच्यामुळे मीही येते आणि मायक्रोवेव्हही लागतो. मुलांनो, हाच तो तिसरा घटक!

आजोबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मायक्रोवेव्ह रविवारीही लागतो. रविवारी नेट जात नाही."

"रविवारी त्या वेळी नेट कोण वापरतं?"

"कोणी नाही."

"मग गेलं की नाही कसं कळणार?"

"तेच म्हणतोय ना बाई. कोणाची तक्रार नाही म्हणजे गेलंच नाही. आणि रविवारी तुम्हीही नसता."

चॅटमध्ये पहिल्यांदाच जीव आला. जी मुलं अख्ख्या सेमिस्टरमध्ये 'येस मॅम' सुद्धा टाइप करत नाहीत त्यांनी धडाधड लिहिलं, 'आजोबांचा पॉइंट आहे', 'मॅम डेटा आजोबांच्या बाजूने आहे'. राऊटर पाच गिगाहर्ट्झवर टाका असं मी अगदी कळकळीनं सांगितलं तर आजोबा म्हणाले, "पाचवर टाकलं की बिल वाढेल." नाही वाढत हो. "आज नाही वाढणार," ते म्हणाले.

म्यूट का केलं नाही? केलं ना! होस्टला तेवढा अधिकार असतो. दहा सेकंदांत परत आले, "माझं काहीतरी बंद पडलं होतं, चालू केलं." आता वयस्कर माणसाला भर वर्गात पुन्हापुन्हा गप्प करायचं म्हणजे तेही बरं दिसत नाही, आणि एकदम बाहेर काढलं तर नातवाची हजेरी जाणार, मग त्याचा मेल येणार. त्यात बोलायला मध्ये शिरताही येत नाही. २००९ मध्ये दहा भाषांवर एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे पापणी लवायला लागतो साधारण तेवढाच वेळ. व्हिडिओ कॉलवर नुसता आवाज पोचायलाच कधीकधी तेवढा वेळ जातो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, दोघं एकदम "नाही नाही, तुम्ही बोला". आजोबांना हा प्रॉब्लेम नव्हता कारण ते थांबतच नव्हते.

२०१७ मध्ये बीबीसीच्या लाइव्ह मुलाखतीत रॉबर्ट केली या प्राध्यापकांच्या मागून त्यांची चिमुरडी ठुमकत आत आली होती, मागोमाग वॉकरमधलं बाळ, आणि अख्खं जग विरघळलं. पण ती त्यांची स्वतःची मुलं होती हो. माझ्या वाट्याला दुसऱ्याचे आजोबा, तेही माझ्याच विषयात मला हरवणारे.

आणि हे सगळं माझ्या लॅपटॉपवर, माझ्या डेटावर, कॉलेजनं हेडफोनसुद्धा दिलेला नाही, पण लेक्चर बुडलं तर लेखी खुलासा मात्र चोवीस तासांत हवा. फुकटच्या मीटिंगला चाळीस मिनिटांची मर्यादा, त्यातली निम्मी आजोबांनी खाल्ली, निरोप घेताना वाक्याच्या मध्येच पडदा काळा झाला. रिग्रेशन राहिलं. ते आता कधी घ्यायचं?

संध्याकाळी विभागप्रमुखांचा मेसेज. सर म्हणे गुपचूप जॉइन झाले होते. मला वाटलं आता खुलासा. तर लिहिलं होतं, "आजचं सेशन छान इंटरॅक्टिव्ह झालं. मात्र बाहेरच्या वक्त्यांची पूर्वपरवानगी घेत जा." सोबत फॉर्म जोडलेला. वक्त्याचं नाव, पात्रता, व्याख्यानाचा विषय, आणि सगळ्यात खाली, वक्त्यांना पुन्हा बोलवण्याची शिफारस करता का, हो की नाही.

नातवाला फोन करून आजोबांची पात्रता विचारली. त्याला लेक्चर झाल्याचंच माहीत नव्हतं.