संग्रहात कथा दिली की हक्क जातात? एक खुलासा

लेखकांच्या गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय: ‘अनेक लेखकांच्या संग्रहात कथा छापून आली की तिचे हक्क कायमचे प्रकाशकाकडे जातात, स्वतःच्या पुस्तकात ती घेता येत नाही.’ हे सरसकट खरं नाही.

१८८६ साली झालेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या बर्न करारानुसार (स्वामित्वहक्कासाठीचा आंतरराष्ट्रीय करार), सदस्य देशांत कथेचा स्वामित्वहक्क ती लिहिताच निर्माण होतो. नोंदणीची अट नाही. संग्रहातल्या कथांच्या निवडीला आणि मांडणीला वेगळं संरक्षण मिळतं, पण त्याने मूळ कथेवरच्या हक्काला धक्का लागत नाही.

बाकी सगळं प्रकाशकाला सही करून दिलेल्या संमतिपत्रात. (ते न वाचता सही करणारे आपल्यात कमी नाहीत!) पुष्कळदा प्रकाशक फक्त प्रथम प्रकाशनाचा हक्क आणि ठरावीक मुदतीपुरती ‘इतरत्र देऊ नये’ ही अट मागतो, मुदत संपली की कथा मोकळी. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ अशा मजकुरावर सही केली असेल, तर मात्र अडचण खरी आहे. ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, अनुवाद यांचा उल्लेखही तिथेच तपासा.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासाही टाका.