२३०० युरो म्हणजे ‘मध्यम’ भाडं म्हणे!

काल रात्री दहा वाजता घरमालकाचा मेसेज आला. एक तारखेपासून खोलीचे ५५० द्यायचे, जमत नसेल तर शावे ओट्यावर ठेवून जा. शावे म्हणजे चावी, आपण तो शब्द ह्या पोर्तुगीजांकडूनच उचललाय. आत्ता देते ४३०. म्हणजे एका झटक्यात १२० युरो वाढवले आणि खाली अंगठ्याचा इमोजी. अंगठा! च्यायला, मी काय तुझ्या पोराच्या बारशाचं आमंत्रण स्वीकारतेय का?

आधी खोली काय आहे ते सांगते, कारण सावंतवाडीत सगळ्यांना वाटतं पोरगी लिस्बनला समुद्राकडे तोंड करून वाइन पीत बसलीय. सिंत्रा लाइनवर, लिस्बनच्या रोसियू स्टेशनपासून लोकलने अर्धा तास, चौथा मजला, लिफ्ट मी आले तेव्हापासून बंद. चार खोल्या, त्यातली एक मुळात हॉल होती, तिला प्लायवूड ठोकून खोली केलीय. माणसं सहा, संडास एक. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते, दर रविवारी ब्लीचने पुसायची, पुढच्या रविवारी परत हजर. हिवाळ्यात घरात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी, हीटर लावायची परवानगी नाही कारण लाइटबिल मालकाच्या नावावर. स्वेटर घालून, टोपी घालून, पायात दोन मोजे घालून झोपते मी, युरोपात! ह्याचे ५५०.

आता पगार ऐका. पगार हा शब्दसुद्धा ह्यांचाच. पण पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणे, मिळणे नव्हे. आपल्याकडे येता येता अर्थ उलटा झाला आणि मी इथे आल्यावर परत सुलटा झाला, म्हणजे पगार झाला की लगेच पगारायचा, हातात थांबतच नाही. किमान वेतन २०२५ ला ८७० होतं, २०२६ ला ९२० केलं, केवढी टाळ्यापिटाई झाली. त्यातले ११ टक्के सोशल सिक्युरिटीला गेले की हातात ८१९. वर्षात १४ पगार देतात, ते मात्र खरं, जून आणि नोव्हेंबर गोड जातो. पण घरमालक काही बाकीच्या दहा महिन्यांत भाडं माफ करत नाही ना! ८१९ मधून ५५० गेले, ४० चा नावेगान्तचा, म्हणजे लोकल-बसचा महिन्याचा पास गेला, उरले २२९, त्यात खा, फोन भर, घरी पाठव, आजारी पडू नको.

आणि मी काम कुठे करते, तर बायशात, म्हणजे लिस्बनच्या मधल्या जुन्या भागात, एका हॉटेलात, ब्रेकफास्टच्या किचनमध्ये. सकाळी साडेसहाला हजर, म्हणजे पाच चाळीसची लोकल. पाहुणे एका रात्रीचे १९० देतात आणि अर्धवट खाल्लेला पाश्तेल द नाता (कस्टर्डची छोटी पेस्ट्री) ताटात टाकून उठतात. तीन रात्रीत माझं महिन्याचं भाडं, नवं वाढलेलं धरून.

तर ह्या देशाच्या सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर काय केलं माहितेय का? ‘मध्यम भाडं’ नावाची नवी कल्पना काढली. जो मालक मध्यम भाड्याने घर देईल त्याचा भाड्यावरचा कर २५ वरून १० टक्के. ऐकायला किती छान. आणि मध्यम म्हणजे कितीपर्यंत? २३०० युरोपर्यंत! किमान वेतन तेव्हा ८७०! अडीच माणसांनी पूर्ण पगार ओतला तरी २३०० होत नाहीत हो. हे मध्यम, मग महाग कशाला म्हणता? मंत्री म्हणतात ही वरची मर्यादा आहे, लिस्बनमध्ये एखाद्या कुटुंबाला तेवढं पडू शकतं. पडू शकतं नाही, पडतंय, तेच तर बोंबलतोय आम्ही, तुम्ही त्याला ‘मध्यम’ म्हणून शिक्का मारलात.

बरं कायदा नाही असंही नाही. कायदे ढीगभर आहेत. चालू भाडं वर्षाला किती वाढवायचं त्याचा आकडा दरवर्षी सरकार काढतं, २०२६ साठी २.२४ टक्के. म्हणजे माझे ४३० चे झाले असते ४४०. पण ते कोणाला, तर ज्याच्याकडे कॉन्ट्रॅक्ट आहे त्याला. माझ्याकडे कॉन्ट्रॅक्ट नाही कारण कॉन्ट्रॅक्ट केलं की पावती आली, पावती आली की कर आला, आणि मालक मला पहिल्याच दिवशी गोड हसून म्हणाला होता की कागद कशाला, आपण घरच्यासारखे. घरच्यासारखे! दोन महिन्यांचं डिपॉझिट घरच्यांकडून कोण घेतं रे?

आणि कॉन्ट्रॅक्ट नाही म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही, पत्त्याचा पुरावा नाही म्हणजे रेसिडेन्स कार्डाचं पुढचं काही नाही. मग जायचं जुंतामध्ये, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं, राहत्या जागेचा दाखला मागायला. तिथे नंबरचा कागद काढा, सेन्या म्हणतात त्याला, माझा ८४, बोर्डवर चालू ३१, खिडक्या चार, माणूस एक. दोन तासांनी नंबर आला तर बाई म्हणते कॉन्ट्रॅक्ट नसेल तर ह्याच वॉर्डातले दोन मतदार साक्षीदार म्हणून आणा, ते सही करून सांगतील की ही इथे राहते. आता माझ्या ओळखीचे सगळे नेपाळी, बांगलादेशी, पंजाबी, दोन गोवेकर. मतदार कुठून आणू?

एक मिळाला कोपऱ्यावरचा कॅफेवाला. दुसरी वरच्या मजल्यावरची आजी. तिचे बटाटे, दूध मी वर नेऊन देते, कारण लिफ्ट बंद आणि तिचे गुडघे गेलेत. (बटाट्याला तीही ‘बताता’च म्हणते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उगाच रडू आलं होतं.) नवरा वारलाय, पेन्शन माझ्या पगाराच्या निम्मी, मुलगा लक्झेंबर्गला बांधकामावर. मी विचारलं तर म्हातारी लगेच कोट घालून तयार. जुंतामध्ये चष्मा लावून सही केली, बाईला दोन शब्द सुनावले की ह्या पोरीला परत परत का फिरवता. घरी येऊन काल्दू वेर्द गरम करून वाढलं, आणि मी सूप पिताना टीव्हीकडे बघून म्हणते, मी ह्यांनाच मत देते. टीव्हीवर कोण? शेगाचा वेंतुरा.

शेगा हा इथला कडवा उजवा पक्ष, वेंतुरा त्याचा नेता. शेगा म्हणजे ‘बास झालं’. २०१९ ला ह्यांचा एक खासदार होता. २०२२ ला १२, २०२४ ला ५०, २०२५ ला ६०, आता संसदेत दोन नंबरला. स्टेशनाबाहेर पोस्टर लावलं होतं त्यांनी, ‘हा बांगलादेश नाही’. त्या पोस्टरखालून मी पहाटे साडेपाचला जायचे, आणि माझ्याबरोबर जे जात होते ते खरेच बांगलादेशी होते, ह्याच शहराची हॉटेलं झाडायला, ह्याच शहराची जेवणं सायकलवरून पोचवायला. आजीला म्हटलं, अहो मग मी? तर माझ्या गालाला हात लावून म्हणते, तू तशी नाहीस गं. तशी म्हणजे कशी? मला राग नक्की कोणावर करायचा तेच कळेना, सूप चांगलं होतं.

पण राग आहेच, कारण तिला कोणीतरी पटवून दिलंय की तिच्या मुलाला इथे घर मिळालं नाही ते आमच्यामुळे. अहो आम्ही सहाजण एका संडासाला लाइन लावतो, आम्ही काय घरं विकत घेतली? २०११ ला देश बुडाला, बाहेरून ७८ अब्ज युरोंचं कर्ज घ्यावं लागलं, ट्रोइका, म्हणजे कर्ज देणाऱ्या तीन संस्थांचं त्रिकूट, येऊन बसली, पगार पेन्शन कापले, शिकलेली पोरं देश सोडून गेली. मग पैसा कुठून आणायचा तर २०१२ ला गोल्डन व्हिसा, ५ लाखांचं घर घ्या आणि राहा. त्याच वर्षी भाड्याचा कायदा सैल केला, जुन्या भाडेकरूंना बाहेर काढणं सोपं झालं. २०१४ ला टुरिस्टांना घर देणं सोपं केलं. झालं, आल्फामा ह्या जुन्या वस्तीतल्या म्हाताऱ्या गेल्या आणि प्रत्येक दरवाज्याला नंबरवालं कुलूप लटकलं. ह्यातलं एक तरी आम्ही केलं का? सरकारच्या मालकीची घरं देशात जेमतेम २ टक्के, ती कोणी बांधली नाहीत, तेही आमच्यामुळेच का? घरांसाठीचा गोल्डन व्हिसा २०२३ ला बंद केला, म्हणजे घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कडी.

आणि ह्या सगळ्यात आपला माणूस होता हो खुर्चीवर! अंतोनियो कॉश्ता, वडिलांचं घराणं मडगावचं, २०१५ पासून पंतप्रधान. आमच्याकडे केवढं कौतुक, २०१७ ला भारताने ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना देतात ते) दिलं तेव्हा फोटो फिरत होते. मला मेलीलाही वाटलं होतं की गोंयकार आहे, काहीतरी करेल. २०२३ च्या नोव्हेंबरात चौकशी लागली आणि राजीनामा देऊन मोकळा, पुढे कळलं सरकारी वकिलांनी एका फोन रेकॉर्डिंगमध्ये ह्याचं आणि अंतोनियो कॉश्ता सिल्वा नावाच्या मंत्र्याचं नाव एकमेकांत मिसळलं होतं. म्हणजे माझ्या फॉर्मवर आडनावात एक अक्षर चुकलं तर तीन महिने, आणि तुम्ही चक्क पंतप्रधान चुकवता! तो आता ब्रसेल्सला युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष. नंतरचे पंतप्रधान मोंतेनेग्रो, त्यांचं सरकार घरच्या कंपनीच्या भानगडीवरून मार्च २०२५ ला पडलं आणि मे महिन्यात तेच परत निवडून आले. जानेवारी २०२२ ते मे २०२५, तीन सार्वत्रिक निवडणुका, प्रत्येकीत ‘घर’ हा मुद्दा, आणि माझं भाडं फक्त वर.

लोकांना राग येत नाही का? येतो, मोर्चे निघतात, मोठे निघतात, हातात घराच्या चाव्या वाजवत जातात, मी पण गेलेय. पण रोजच्या जगण्यात विचारलं की खांदे उडवून म्हणतात, ‘ए असीं’. म्हणजे असंच आहे. लोकल रद्द, ए असीं. संप, ए असीं. आज सकाळी किचनमधल्या पोर्तुगीज मैत्रिणीला मेसेज दाखवला, चौतीस वर्षांची आहे, नोकरी करते, अजून आईवडिलांकडे राहते कारण परवडत नाही. तिने वाचला, एक उसासा टाकला, आणि मला वाटलं आता म्हणणार ए असीं, तर तिने अशी एक शिवी घातली की मुख्य शेफने मागे वळून बघितलं. तेवढंच बरं वाटलं.

आईला फोन केला तर ती म्हणते, जळला ता तुझा फॉरीन, घराक ये. तिला काय सांगू, परत यायला तिकिटाचे पैसे लागतात.

उद्या शिफ्ट संपली की तेर्रेइरू दु पासूवरून बोटीने बार्रेइरूला जायचंय, नदीपलीकडे, एक खोली बघायला. ३८० म्हणतोय. खिडकी नाही म्हणे, पण दरवाज्याला वर काच आहे. कॉन्ट्रॅक्ट देणार का विचारलं तर म्हणाला आधी येऊन बघा. कुकर लावलेला चालेल का विचारलं, शिट्टी होते म्हटलं, तर त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.