धुराची गाडी आणि करटीतलं पाणी

फवारणी झाली, तरी वाडीत डेंग्यू आहेच. म्हणजे पैसे खाल्ले, हे बापूचं ठाम मत.

"तुझ्या मते पाऊस लांबलो तरी सरपंचानच खाल्ल्यान," सुऱ्या म्हणाला.

दाजी हिवताप विभागातून निवृत्त झालेले. "गाडी इली किती वाजता?"

"साडेसाताक. काळोखात."

"त्या टायमाक डेंग्यूच्या डासाची मादी गप बसलेली आसता. खाटीखाली, टांगलेल्या कपड्यांमागे. ती चावता सकाळी, नायतर दिवस मावळायच्या आधी. नि तुमी मच्छरदाणी लावतास राती!"

"माझा रगात गोड, म्हणान माकाच चावता," बापू.

"साखरेचा तिका काय पडलेला नाय. श्वास, घाम, अंगाची ऊब, ह्याच्यार ती येता. मादीच चावता, अंडी घालूक रगात होया म्हणान. आणि एकाच माणसाकडे पोट भरणा नाय. तू हात हलवलंस की उडता, बाजूच्याक चावता, मगे तिसऱ्याक. म्हणान एका घरात चार खाटी लागतत."

हे प्रत्येक घरात सांगायला हवं. धुराने उडते डास तेवढे मरतात, पाण्यातली पिलावळ तशीच राहते.

मग गप्पांची गाडी माकडतापावर गेली. २०१६ ला दोडामार्गात माकडं मरून पडत होती, तेव्हाही बापूने डासांनाच शिव्या घातल्या होत्या. "ती गोचीड रे मेल्या!" दाजी म्हणाले. "चिकटली की दिवसचे दिवस पीत बसता. डासाचा तसा नाय."

दाजी उठले. कट्ट्यामागच्या माडाखालची नारळाची करटी त्यांनी उचलून आमच्यासमोर धरली. ओंजळभर काळपट पाणी, वर शेपटीने लोंबकळणारे वळवळे. हाताची सावली पडली तसे सगळे तळाला पळाले.

"ह्या नुसता ओतून भागणा नाय, घासूक होया. कडेक चिकटलेली अंडी सुकी पडान म्हैनोम्हैने जगतत, पाऊस पडलो की फुटतत. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा."

"करटी कोणाची पण?" सुऱ्याने विचारलं. हद्दीवरच्या त्या माडासाठी त्याचं आणि बापूचं वर्षानुवर्षं भांडण. दरवेळी नारळ मात्र बापूच पाडून नेतो.

बापूने करटीकडे बघितलं. "माड सुऱ्याचो. माझो काय संबंध?"

"ऐकलास मा सगळ्यांनी? दाजीनू, कागद काढा, ह्याची सही घेवया!"

बापू "तसा नाय, तसा नाय" करत राहिला, पण हसण्यात कोणाला काही ऐकू गेलं नाही.