रकाना कोरा ठेवला म्हणजे

‘जात इंग्रजांनी आणि सरकारने कागदावर निर्माण केली, माणूस स्वतःला जे म्हणवतो तीच त्याची ओळख, म्हणून फॉर्मवरचा जातीचा रकाना कोरा ठेवा, जात आपोआप जाईल,’ असा मजकूर सध्या मराठवाड्यात हातोहात फिरतो आहे.

यातले पहिले विधान निम्मे खरे आहे. किनवटकडच्या तांड्यावरचा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये मोडतो. त्याने लेक शेजारच्या आदिलाबादेत दिली, तर तिच्या सासरची माणसे तेलंगणात अनुसूचित जमातीत असतात, आणि कर्नाटकात हाच समाज अनुसूचित जातींत आहे. बोली गोरमाटीच, सोयरिकी त्याच, १९४८ पर्यंत किनवट आणि आदिलाबाद दोन्हीकडे राज्यही निजामाचेच; फरक पाडला तो १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने आणि वेगवेगळ्या याद्यांनी. मागासवर्गीयांत सधन कोण हे ठरवून त्यांना आरक्षणातून वगळणारी क्रीमीलेयरची, म्हणजे वार्षिक उत्पन्नाची, रेघही अशीच सरकते: १९९३ मध्ये ती १ लाखावर होती, २०१७ मध्ये ८ लाखांवर गेली. परंतु यादी मनमानी आहे म्हणून जात यादीतूनच जन्मली असे ठरत नाही. चोखोबांना पंढरपुरात देवळाबाहेर ठेवले गेले, तेव्हा ना जनगणना होती ना तहसील.

दुसऱ्या विधानाची परीक्षा तर याच मातीत होऊन गेली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला आणि त्यांच्यामागे लाखो माणसांनी, त्यांत मराठवाड्यातल्या असंख्य घरांनी, स्वतःला बौद्ध म्हणवले. यापेक्षा जाणीवपूर्वक केलेली स्वओळख मला तरी ठाऊक नाही. केंद्राने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश करायला १९९० उजाडले, आणि गावाने तर तेवढेही केले नाही. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाल्यावर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. कोणते घर स्वतःला काय म्हणवते, हे पेटवणाऱ्यांनी विचारले नव्हते.

राहिला कोरा रकाना. ज्याला दाखल्याची गरज नाही त्याला तो कोरा ठेवणे फुकट पडते. ज्याच्या मुलीची शिष्यवृत्ती त्यावर अवलंबून आहे त्याला नाही. शिवाय शहरात भाड्याची खोली पाहायला गेले की घरमालक आधी आडनाव विचारतो, त्यावरून उमगले नाही तर गाव, आणि गावावरूनही नाही तर, ‘पाव्हणं, गावात घर कोणत्या गल्लीला?’ या चौकशीत फॉर्मच नसतो.