फोल्ड करा हो मावशी!

ज्यांचं बालपण रमी आणि बदाम सात खेळण्यात गेलंय त्यांनी रॅझ या पोकरच्या प्रकाराच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जोडी आली की आपला चेहरा खुलतो, राजा-राणी आले की पाठ आपोआप ताठ होते, आणि रॅझमध्ये नेमकं हेच सगळं नको असतं. सात पानांचा स्टड पोकर, फक्त उलटा. सगळ्यात खालचा हात ज्याचा, पॉट म्हणजे मधले सगळे पैसे त्याचे. एक्का सगळ्यात लहान, सीक्वेन्स आणि कलर धरायचेच नाहीत, त्यामुळे एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा याहून चांगला नसतोच असा हात. मोजायचं वरून, म्हणजे सातांतून निवडलेल्या पाच पानांतलं मोठं पान ज्याचं लहान तो पुढे.

इकडे न्यू जर्सीत आमचा शुक्रवारचा ग्रुप होल्डेमला, म्हणजे नेहमीच्या पोकरला, कंटाळला आणि हॉर्सवर आला. पोकरचे पाच खेळ आळीपाळीने, त्यातला 'आर' म्हणजे हा रॅझ. स्टेक म्हणाल तर दहा-वीस सेंट, पण अपमान पूर्ण किमतीचा.

कारण बघा, होल्डेममध्ये तुमची दोन्ही पानं पालथी असतात, आत काय सडलंय ते तुमचं तुम्हाला माहीत. रॅझमध्ये सातातली चार पानं सगळ्यांसमोर उघडी पडतात, एकेक करून, मध्ये मध्ये पैसे लावायला थांबत. तुमचं वाटोळं होताना लोक चिवडा खात बघतात. फिल हेलम्यूथ हा पोकरच्या वर्ल्ड सिरीजची २०१२ आणि २०१५ अशी दोन ब्रेसलेट, म्हणजे तिथली विजेतेपदं, रॅझमध्येच जिंकलेला माणूस, आणि हरल्यावर टेबलावर थयथयाट करण्यासाठी तितकाच प्रसिद्ध. मला त्याचं काही चुकतंय असं वाटत नाही.

आता स्ट्रॅटेजी. मी ती पाठ केलीये. पहिली तीन पानं अठ्ठी किंवा खालची, तिन्ही वेगळी, तरच खेळायचं, नाहीतर पानं टाकून, म्हणजे फोल्ड करून, मोकळं व्हायचं. असा हात साधारण सहा डावांत एकदा येतो, म्हणजे बाकी वेळ तुम्ही भाकरवडी खायची आणि दुसऱ्यांचं बघायचं. ज्याचं उघडं पान सगळ्यात मोठं त्याला सुरुवातीला सक्तीने पैसे भरावे लागतात, दोन राजे उघडे आले तर इस्पिकवाला भरतो, इस्पिकचा काय गुन्हा ते विचारायचं नाही. बाकी सगळ्यांकडे चित्रं आणि तुमच्याकडे पंजी दिसत असेल तर आत कितीही कचरा असो, रेज मारायचा, म्हणजे पैसे वाढवायचे. चौथ्या पानाला तुम्हाला धोंडा, म्हणजे मोठं पान, आला आणि समोरच्याला बारीक पान, तर बहुतेक वेळा सोडून द्यायचं, कारण पाचव्या पानापासून बेट, म्हणजे लावायची रक्कम, दुप्पट होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाकलेली उघडी पानं लक्षात ठेवायची.

इथे येतात बायकोच्या मावशी. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, बँकेत कॅशियर होत्या, आता रिटायर. टीव्हीचा कंटाळा आला म्हणून बसल्या.

त्या डावात मला आत एक्का आणि तिर्री, वर पंजी. मी मनातल्या मनात नमस्कार केला, चेहरा मात्र दगडाचा. रेज मारला. दोघांच्या उघड्या चौक्या गेल्या, एकाची सत्ती गेली, राजावाला तर सुटलोच म्हणत गेला. मावशी राहिल्या, वर अठ्ठी. चौथं पान मला दुर्री, मावशींना गुलाम! कुठलंही पुस्तक काढा, इथे माणूस पानं टाकतो. मी बेट लावली, मावशींनी चष्मा पुसला आणि कॉल केला, म्हणजे तितकेच पैसे लावले. म्हटलं, "फोल्ड करा हो मावशी, गुलाम आलाय."

"दिसतंय मला," मावशी म्हणाल्या.

पाचवं पान, मला पंजी. जोडी. रमीत मी नाचलो असतो. मावशींना दश्शी, आणि वर त्यांनी बेटही लावली. तरी थिअरीप्रमाणे मीच पुढे होतो, चार बारीक पानं आणि अजून दोन यायची आहेत म्हटल्यावर असल्या गुलामाच्या हाताला घाबरायचं कारण नसतं, हे मी शेजारच्याला हळू आवाजात समजावूनही सांगितलं. सहावं पान मला राजा, मावशींना छक्की. सातवं पालथं येतं, मी ते कोपऱ्यातून इतकं हळू उचललं की बायको आतून विचारून गेली काय झालं म्हणून. राणी.

मावशींनी आतली पानं उलटली, चौकी, सत्ती आणि एक काहीतरी. दहा, आठ, सात, सहा, चार. भिकार हात! माझ्या राणीपेक्षा चांगला.

"अहो पण गुलामावर थांबलात कशा?"

"जावईबापू, दोन चौक्या टेबलावरून गेल्या, तिसरी माझ्याकडे. सत्ती एक गेली, एक माझ्याकडे. अठ्ठी माझी. तुम्हाला हवं ते पान उरलंय कुठे?" असं म्हणत त्यांनी चिल्लर दहा-दहाच्या गठ्ठ्यांत लावायला घेतली, बँकेतल्यासारखी, कडा जुळवून.

टक्केवारी तरीही माझ्याच बाजूने होती हे मी कागदावर मांडून दाखवणार होतो, पण तोवर पुढचा डाव वाटून झाला. मला वर आला इस्पिकचा राजा.

"भरा," मावशी म्हणाल्या.